खालून पाहिलेले महाबळेश्वर

महाबळेश्वरच्या जुन्या छायाचित्रांत माणसे बहुधा एकाच जागी उभी असतात. कड्याच्या टोकाला, पाठ आपल्याकडे किंवा अर्धवट वळलेली, हातात काठी, डोक्यावर सोला टोपी. त्यांच्या पायाशी काळा खडक, खडकाला बिलगलेले एखादे खुरटे झाड आणि पुढे काहीच नाही. नुसता फिकट, पिवळट पडलेला कागद. ज्याला काहीच-नाही म्हणतात तिथे आमचा पोलादपूर तालुका आहे.

हा पोकळपणा छायाचित्रकाराच्या मनात होता की नाही हे सोडून देऊ. त्याच्या काचेत तो नक्कीच होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रे निघत ती ओल्या कलोडियनच्या काचेवर. काचेवर रसायन ओतायचे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. ही काच निळ्या प्रकाशाला भलतीच हळवी आणि हिरव्या-तांबड्याला जवळपास आंधळी. त्यामुळे आकाश पांढरेफटक येई. एप्रिल-मे महिन्यांत कोकणावर जी धुरकट निळी झळ असते तीही आकाशाबरोबर पांढरी होऊन जाई. साहेबाला कड्यावरून खालची गावे, नदीचा वळसा, चंद्रगडाचा सुळका डोळ्यांनी दिसत असणार; काचेला ते दिसत नव्हते. म्हणून महाबळेश्वरचा चित्रांतला इतिहास हा कड्यापाशी संपतो.

हा लेख त्या कड्याच्या खालून लिहिला आहे. महाड आणि पोलादपूर या दोन गावांतून.

आधी वरची हकीकत, पटकन. जनरल पीटर लॉडविक १८२४ मध्ये या डोंगरावर चढला आणि इथल्या हवेची स्तुती त्याने केली. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर होऊन आल्यावर १८२८-२९ मध्ये इथे आजारी गोऱ्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली गेली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव त्यांना देण्यात आले. गावाला माल्कम पेठ नाव पडले. टोकाटोकांना नावे मिळाली: एल्फिन्स्टन, कार्नॅक, फॉकलंड, लॉडविक, माल्कमच्या मुलीच्या नावाने केट. मुंबई सरकार उन्हाळ्यात इथे, पावसाळ्यात पुण्यात आणि थंडीत मुंबईत असे वर्ष काढू लागले. चिनी कैदी आणून भाजीपाला लावला गेला. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्या पहिल्या फळीतले छायाचित्रकार, आणि जॉन्सन-हेंडरसन या जोडीचा छायाचित्रांचा मासिक अल्बम त्याच सुमारास मुंबईत निघू लागला. पुढे क्लिफ्टनसारख्या मुंबईच्या कंपन्यांनी पोस्टकार्डांचा धंदा मांडला. म्हणजे कॅमेरा या मुलखात आला तेव्हा महाबळेश्वर पंचविशी गाठून बसलेले, कशाला सुंदर म्हणायचे हे ठरून गेलेले होते. छायाचित्रकाराने त्या ठरलेल्या यादीवर फक्त तिपाई रोवली.

आता आजच्या वाचकाच्या डोक्यातला एक नकाशा थोडा उलटा करायला हवा. महाबळेश्वर म्हटले की आपल्याला पुणे, वाई, पाचगणी, पसरणीचा घाट आठवतो. सुरुवातीच्या काळात मुंबईच्या साहेबाचे महाबळेश्वर समुद्रातून सुरू होई. बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ मध्ये. त्याच्या आधी मुंबईहून सह्याद्रीवर जायचे तर पनवेलमार्गे घाट चढा, नाहीतर गलबतात बसून किनाऱ्याने दक्षिणेला जा, बाणकोटला सावित्रीच्या मुखात शिरा आणि भरतीच्या पाण्यावर दासगाव किंवा महाडपर्यंत आत या. पुढे पोलादपूर, आणि मग चढण. डोंगरावरच्या सुट्टीची पहिली पायरी खारट होती असे म्हणायला हरकत नाही.

इंग्रजांना ते परकेही वाटले नसावे. त्यांच्याकडे सुट्टी म्हणजे पाणी ओलांडून जाणे हे त्याच दशकांत रुजत होते. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट हे बेट आहे. राणी व्हिक्टोरियाने तिथे ऑस्बर्न हाउस बांधले आणि सारा उमराव वर्ग उन्हाळ्यात तिकडे लोटू लागला. त्याच बेटावर फ्रेशवॉटर गावी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन राहायला गेली. जन्म कलकत्त्याचा, तरुणपणाची बरीच वर्षे हिंदुस्थानात गेलेली. चाळिशी उलटून बरीच वर्षे झाल्यावर तिच्या हाती कॅमेरा आला आणि तिने फोटोग्राफीच्या इतिहासात अढळ जागा मिळवली. तिच्या चित्रांत आणखी एक गोष्ट आहे जी महाबळेश्वरच्या अल्बमांत शोधून सापडत नाही. तिने घरातल्या मोलकरणींचे, बेटावर राहणाऱ्या साध्यासुध्या मुलींचे चेहरे जवळून टिपले आणि त्यांतल्या काहींची नावे आजही माहीत आहेत. महाबळेश्वरला मेणे-पालख्या उचलणारे भोई, टट्टूवाले, पाण्याच्या कावडी वाहणारे चित्रांत आले तरी ‘समूह’ म्हणून आले. प्रमाण कळावे म्हणून झाडाशेजारी माणूस उभा करतात, तसे.

सावित्री मात्र दोन्ही बाजूंची आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री यांच्या बरोबरीने तिचा उगम मानतात. बाकीच्या मोठ्या बहिणी देशावर पूर्वेला निघून गेल्या. ही एकटी पश्चिमेला कड्यावरून खाली उतरली. पोलादपूर ओलांडून ती महाडला येते, तिथे गांधारी आणि काळ तिला भेटतात, आणि पुढे दासगाव, आंबेत, म्हाप्रळ करत बाणकोट-हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते. जेमतेम शंभर-एकशेदहा किलोमीटरचा संसार. त्यातले अर्धे पाणी भरती-ओहोटीच्या हुकुमावर चालणारे.

या पाण्यावर माणसांची ये-जा फार जुनी. महाडला लागून असलेली गांधारपाल्याची बौद्ध लेणी डोंगराच्या कुशीत अशा जागी खोदली आहेत की पुढे नदीचे खोरे पसरलेले दिसावे. तिथल्या शिलालेखात कानभोज विष्णुपालित या कुमाराचे नाव आहे. लेणी खोदायला दाते लागतात आणि दाते व्यापारात असतात. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर पार घाटाने खाली यायचा, मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची. मराठेशाहीच्या अखेरीस तर संकटात सापडलेल्या पुणेकर मुत्सद्द्यांची ही ठरलेली पळवाट झाली. नाना फडणीस १७९६ मध्ये महाडला येऊन राहिले आणि इथूनच त्यांनी आपले डाव जुळवले. दुसरा बाजीराव ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरची लढाई हरल्यावर महाडकडेच उतरला, इथून इंग्रजांकडे जहाजांची मागणी केली आणि किनाऱ्याने वसईला पोचला. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईचा तह झाला. बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी १७५५ मध्येच कमोडोर जेम्सकरवी जिंकून त्याचे फोर्ट व्हिक्टोरिया करून टाकले होते. खाडीच्या तोंडावर ते पन्नासेक वर्षे आधीपासून बसलेले होते, ही गोष्ट बाजीरावाच्या प्रवासाकडे बघताना विसरू नये.

पोलादपूरहून वर जाण्याचा जुना रस्ता किनेश्वरावरून पार घाटाने पार गावी आणि तिथून प्रतापगडाच्या पायथ्याला वळसा घालून रडतोंडीच्या घाटाने महाबळेश्वरला. या रस्त्यावर चाक चालत नव्हते. साहेब मेण्यात किंवा टट्टूवर, मडमा डोलीत, सामान डोक्यावर. पुढे गव्हर्नर फिट्झेराल्डच्या नावाने घाटरस्ता झाला, तोच आजचा आंबेनळी. त्यामुळे दासगावच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरून टांग्याने थेट महाबळेश्वर गाठता येऊ लागले. पण तोवर आगगाडीने पारडे फिरवले होते. पुढे वाठार स्टेशनावर उतरून वाईमार्गे जाणे सोयीचे झाले. भरतीची वाट पाहायला नको, ओकाऱ्या नकोत. सुट्टीवाल्यांची खाडी ओसरली आणि मुंबईत चाकरीला गेलेल्या कोकण्यांची खाडी उरली. ती आणखी पन्नास-साठ वर्षे गजबजलेली होती, फक्त तिचे पोस्टकार्ड कुणी छापले नाही.

ऑर्थरसीट पॉइंटवर गाइड मंडळी एक गोष्ट सांगतात. ऑर्थर मॅलेट नावाचा कंपनीचा अधिकारी तिथे घर बांधून राहिला. त्याची बायको आणि तान्ही मुलगी सावित्रीच्या खाडीत होडी उलटून बुडाली. तो कड्यावर बसून त्या नदीकडे बघत राही. मॅलेट खरा, घर खरे, बुडणेही खरे. कड्यावर बसून बघण्याचा भाग गाइडांचा असावा, आणि तो त्यांनी झकास बसवला आहे, कारण उजवीकडे जोर खोरे आणि डावीकडे सावित्रीचे खोल कोकण अशा त्या धारेवर उभे राहिले की कोणालाही काहीतरी आठवतेच. मला मात्र गोष्टीतला दुसरा तपशील खटकतो. होडीबरोबर खलाशीही बुडाले. गोष्ट सांगताना त्यांच्यापर्यंत कुणी पोचत नाही. खाडीकाठच्या कुठल्याशा वाडीत त्या रात्री जे झाले असेल त्याला पॉइंट मिळाला नाही.

ढवळ्याहून चंद्रगडाच्या पायथ्याने जुनी वाट याच ऑर्थरसीटवर निघते. आता ती गिर्यारोहकांची आवडती वाट आहे. एके काळी ती खालच्या माणसांची बाजाराची वाट होती. थंडीच्या पहाटे या धारेवर पोचलात तर सावित्रीचे खोरे धुक्याने काठोकाठ भरलेले असते आणि प्रतापगड, चंद्रगड, मंगळगड तेवढे बेटांसारखे वर असतात. मंगळगड म्हणजेच कांगोरी. १८१७ मध्ये पेशव्यांच्या लोकांनी हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना पकडून आणून ठेवले होते ते तिथे. दहा-बारा वर्षांत त्याच खोऱ्यावर नजर टाकत इंग्रज चहा पिऊ लागले, हा काळाचा वेग आजच्या मानानेही थोडा नाही.

सावित्रीच्या जलमार्गावरचा सर्वांत मोठा प्रवास कुणा गव्हर्नराचा नाही. तो आहे डिसेंबर १९२७ मधला. १९ आणि २० मार्चला महाडात परिषद होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली, त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, हे सर्वांना माहीत आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून कसे आले हे कमी सांगितले जाते. मुंबईकराची तेव्हाची सोयीची वाट धरमतरची: लाँचने धरमतर, तिथून मोटारीने महाड. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर सगळे वाटेतच अडकणार. म्हणून लांबचा असूनही दासगावचा मार्ग धरला. ‘पद्मावती’ बोटीने मंडळी निघाली. दासगावला उतरले की महाड पाच मैल. कोणी मोटार दिली नाही तरी पायी जाता येते. दासगाव म्हणजे रामचंद्र बाबाजी मोरे यांचे गाव. बाबासाहेबांनी महाडला यावे म्हणून आधीपासून खटपट करणारे ते मोरे याच बंदरावर वाढलेले. महाड तालुक्यातल्याच रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांच्याही आधीचे. लष्करातून निवृत्त होऊन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवणारे. या खाडीकाठी काही घडले ते अचानक घडले नव्हते.

आणखी एक तपशील त्या बोटीबरोबर ठेवला पाहिजे. त्याच नोव्हेंबरात, जेमतेम दीड महिना आधी, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी कोकण किनाऱ्यावर एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. किनाऱ्यावरच्या घराघरांत ती बातमी ताजी होती. तरी ‘पद्मावती’ भरून निघाली. परिषदेसाठी गावात कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याच्या पाण्याचा दावा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागेपर्यंत चालला. त्या दिवसांचे म्हणून आज जे आपल्या डोळ्यांपुढे येते ते मुख्यतः नंतरच्या चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी घडवलेले आहे: ओंजळ, पायऱ्या, मागे माणसांची रांग. याच सुमारास वरच्या डोंगरावर टेनिसच्या, सहलींच्या, गव्हर्नरसाहेबांच्या स्वागताच्या फोटोंना कमतरता नव्हती. थोड्याशा मोटारप्रवासाइतक्या अंतरावर.

सत्याग्रहानंतरच्या वर्षी, १९२८ मध्ये, महाड आणि पोलादपूर यांच्या मधे सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. आता रस्ता राजा झाला. दासगावचा धक्का हळूहळू निकामी झाला, गाळ साचला, गलबते महाडपर्यंत येईनाशी झाली. तो पूल अठ्ठ्याऐंशी वर्षे टिकला आणि त्याच्याकडे कुणी निरखून पाहिले नाही. मुंबई-गोवा रस्त्यावरून झोपेत पार होणारे एक वळण, एवढीच त्याची ओळख. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहने त्याच्याबरोबर गेली, चाळीसच्या आसपास माणसे गेली. दुसऱ्या दिवशी तुटलेल्या कमानींचा फोटो देशभराच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता. मृतदेहांचा शोध खाली दासगाव, आंबेत, हरिहरेश्वर असा थेट समुद्रापर्यंत गेला. साहेबांच्या गलबतांचा वर येण्याचा मार्ग तोच. नवा पूल विक्रमी वेगाने, जून २०१७ मध्ये खुला झाला.

इथे मला या सगळ्या चित्रसंग्रहाची खरी मेख दिसते. महाबळेश्वरचा जुना अल्बम बिनपावसाचा आहे. तिथे वर्षाला सहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पण जूनच्या आत सरकार पुण्याला गेलेले असे, बंगल्यांना गवताच्या झड्या बांधून कुलपे लागलेली असत आणि काचेच्या प्लेटा खोक्यांत असत. जो डोंगर पावसाने घडवला त्याचे पावसातले रूप शंभर वर्षे जवळपास कुणी टिपलेच नाही. आणि पडलेला पाऊस तिथे थांबत नाही. पश्चिमेच्या कड्यांवरचा तो काही तासांत महाडच्या बाजारपेठेत असतो.

खालचा अल्बम याच्या बरोबर उलटा. महाड-पोलादपूरची जी छायाचित्रे जगाने पाहिली ती सगळी पावसातली, आणि सगळी संकटाची. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २०१६ चा पूल. ऑगस्ट २०२० मध्ये महाडात पाच मजली इमारत कोसळली, तीही पावसाळ्यातच. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव दरडीखाली गेले, ऐंशीहून अधिक बळी. त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडी. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वर आकडा, खाली चिखल. आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटून पडला. महाडात नगरपालिकेचा भोंगा वाजला की लोक सामान माळ्यावर टाकतात, ही जुनी सवय. पण या खेपेला पाणी पहिल्या मजल्यावर चढले आणि माळाही बुडाला.

त्या पाण्यात एक नुकसान असे झाले जे कुठल्या यादीत धरले गेले नाही. मुंबईहून चाकरमान्याने पाठवलेले स्टुडिओतले पोर्ट्रेट, मागे रंगवलेला पडदा, शेजारी कुंडी. लग्नाचे अल्बम. छबिन्याच्या रात्रीचे, वीरेश्वराच्या जत्रेचे फोटो. भिंतीवर टांगलेले आजोबा. फोटोचा कागद पाण्यात फुगतो, जिलेटिनचा थर सुटतो, दोन फोटो एकमेकांना चिकटले की वेगळे करताना दोन्हींचे चेहरे जातात. पूर ओसरल्यावर ओट्याओट्यांवर वाळत घातलेले अल्बम महाडकरांनी पाहिले आहेत. गोऱ्यांच्या सुट्टीची चित्रे लंडनच्या ग्रंथालयांत ठरावीक तापमानात, ठरावीक आर्द्रतेत सुखरूप आहेत. ज्यांच्यावर तोच पाऊस पडतो त्यांची चित्रे त्या पावसानेच नेली.

अलीकडे एक बदल झाला आहे आणि तो गमतीचाही आहे. मोसम उलटला. आता लोक पावसातच येतात. आंबेनळीत धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, मोबाइल समोर धरले जातात, आणि जिल्हा प्रशासनाला दर वर्षी अतिवृष्टीत घाट बंद करण्याचे आदेश काढावे लागतात. ज्या दरीला कलोडियनच्या काचेने पांढरे ठेवले तिच्यातली हिरवी भातखाचरे आता हजारो फोटोंत येतात. अर्थात मागे, अस्पष्ट, कारण पुढे माणूस असतो.

पण या दोन तालुक्यांतल्या साध्या घरांचा सर्वांत मोठा चित्रसंग्रह दुसरीकडेच असावा, आणि तो कुणी संग्रह म्हणून केलेला नाही. २०२१ च्या पुरानंतर आणि दरडींनंतर नुकसानभरपाईसाठी पंचनामे झाले. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक घरोघर फिरले आणि मोबाइलवर फोटो काढले: पडलेली पडवी, चिखलाने भरलेले देवघर, कलंडलेला फ्रिज, भिंतीवर पुराची ओळ, आणि त्या ओळीशेजारी पुरावा म्हणून उभा असलेला घरमालक. प्रमाण कळावे म्हणून, तसाच. फरक इतकाच की या फोटोंना नाव आहे, घर क्रमांक आहे, तारीख आहे. महाबळेश्वरच्या भोयांना जे मिळाले नाही ते सगळे आहे. भरपाई मिळाली की ही फाइल संपते, मोबाइल बदलतो आणि फोटो जातात. तहसील कचेरीने ते एका डिस्कवर घेऊन जिल्हा अभिलेखागारात दाखल करायला फारसा खर्च नाही. महाडच्या एखाद्या वाचनालयाने पुढाकार घेऊन वाळवलेल्या अल्बमांतले जे चेहरे वाचले आहेत ते स्कॅन करून घेतले, तर पंचनाम्याच्या फोटोंशेजारी ठेवायला तेही होतील. पुढचा पावसाळा जूनमध्ये आहे.